काचेवरचा न हलणारा ठिपका

मावसभाऊ वैमानिक व्हायला कॅलिफोर्नियाला निघाला तेव्हा मावशीने मला विचारलं, "तिथे टॉवरवरून सगळ्यांवर लक्ष असतं ना रे?" इंजिनियरला सगळंच माहीत असतं, हा आमच्या घरातला जुना गैरसमज. मीही बिनधास्त "हो" म्हणून टाकलं आणि मग वाचायला बसलो.

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे ५००० विमानतळ आहेत. टॉवर जेमतेम ५०० ठिकाणी. बाकीकडे वैमानिक ठरलेल्या रेडिओ चॅनलवर आपण कुठे आहोत ते सांगतात, इतरांचं ऐकतात आणि डोळे उघडे ठेवतात. बस्स.

कॅलिफोर्नियातलं वॉटसनविल हे असंच टॉवर नसलेलं ठिकाण. १८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी एक छोटं सेसना १५२ तिथे सराव करत होतं. उतरायचं, चाकं टेकवायची, पुन्हा उडायचं. तेवढ्यात दोन इंजिनांचं सेसना ३४० दुरून सरळ धावपट्टीच्या रेषेत आलं. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते, एकमेकांचं ऐकतही होते. पण ३४० चा वेग होता १८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर. उतरताना इतका वेग नसतो. तुम्ही फार जोरात येताय, मी न उतरता पुढे जातो, असं १५२ च्या वैमानिकाने कळवलंसुद्धा. काही सेकंदांत टक्कर झाली. दोन्ही विमानांत मिळून तिघे होते, तिघेही गेले.

मग दिसलं कसं नाही? आपले डोळे हलणारी वस्तू चटकन टिपतात. पण दोन विमानं सरळ आणि एकाच वेगाने टकरीच्या वाटेवर असली, की समोरचं विमान काचेवर जागचं हलतच नाही. बराच वेळ नुसता ठिपका, आणि शेवटच्या काही सेकंदांत तो एकदम मोठा होतो. दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेचं विमान वाहतूक खातंच सांगतं. १८० नॉटने एक सागरी मैल संपायला वीस सेकंद पुरतात. त्यात १५२ चे पंख डोक्यावर असतात, वळताना ते नेमकी हवी ती बाजू झाकतात.

यावर एडीएस-बी नावाची सोय आहे. विमान जीपीएसवरून आपली जागा दर सेकंदाला कळवत राहतं. गर्दीच्या हवाई क्षेत्रात २०२० पासून हे तिथे सक्तीचं आहे. पण सक्ती फक्त पाठवण्याची! दुसऱ्याने पाठवलेलं वाचायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमच्या टीममध्ये कुणी असं डिझाइन आणलं असतं, तर मी पहिल्याच रिव्ह्यूत परत पाठवलं असतं.

मावशीला फोन करून माझं "हो" मागे घेतलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. भावाने आता हातात मावेल एवढा रिसीव्हर घेतलाय. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मावशी आधी जेवलास का विचारते, मग लगेच, "आणि ते यंत्र चार्ज केलंस का?"