जोखीम कुणाची मोजली?



पावसाळ्यात जुन्या शहरातून सकाळीच शिदोरी बांधून निंदणाला निघणाऱ्या बायांना विचारा, ‘शेतात काय मारलं होतं?’ उत्तर एकच मिळते, ‘औषध.’ कोणते, किती, कशात कालवलेले, ते मालक जाणे आणि फवारणारा गडी जाणे. ‘काल फवारा झाला म्हणून आज घरी बसलं तं रोज बुडते,’ हेही त्या सांगतात.

२०१७ च्या हंगामात आपल्याच वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा चर्चा झाली ती हातमोज्यांची आणि तोंडाला बांधायच्या फडक्याची. जणू सगळी चूक फवारणाऱ्याचीच! आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हे विष दुकानात यायला परवानगी देताना कुणाची जोखीम मोजली होती?

१९५८ मध्ये केरळात धान्यात कीटकनाशक मिसळून शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. त्या कायद्यानुसार केंद्राच्या नोंदणी समितीने औषधाचा गुण आणि माणसे व प्राणी यांची सुरक्षितता यांची खात्री करून मगच नोंदणी द्यायची. त्यासाठी मासे, पक्षी, मधमाश्या यांच्यावर होणारे परिणाम, माती-पाण्यात विष किती दिवस टिकते, अशी माहिती मागितली जाते. ती सादर करते अर्जदार कंपनीच.

जोखमीचा हिशेब तसा सोपा आहे. विष किती जहाल, हे एक. ते कुणाला, किती आणि किती वेळा लागते, हे दुसरे. दोन्हींचा मेळ घातला की जोखीम कळते. पहिले प्रयोगशाळेत कळते. दुसरे मात्र शेतात येऊनच पाहावे लागते, आणि तिथेच आपण बायका हिशेबातून गळतो. फवाऱ्याचे पाणी भरणारी, दुसऱ्या दिवशी ओल्या पानांत वाकून निंदणारी, ओटीत कापूस वेचणारी, गड्याचे कपडे धुणारी आणि त्याच पऱ्हाट्या चुलीत घालणारी बाई बहुधा एकच असते. पंपात एका वेळी दोन-तीन औषधे कालवली जातात. तपासणी मात्र बहुतेक एकेका औषधाची.

डब्यावरचा रंगीत त्रिकोणही अर्धेच सांगतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते विष तोंडावाटे वा कातडीवाटे गेल्यावर प्रयोगातले जनावर किती मात्रेने मरते, यावरून. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाणाऱ्या विषाबद्दल तो गप्प आहे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे हिरव्या त्रिकोणाचे औषध, पण पाण्यातल्या बारीक जिवांना ते अतिशय विषारी. आपल्या शेतांतले पाणी नाल्यांतून मोर्णेला आणि मोर्णा पूर्णेला मिळते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. तिथे वरचे गोडे पाणी नासले तर प्यायचे काय?

मोनोक्रोटोफॉसचे उदाहरण घ्या. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात या विषाने हजारो ससाणे मेले. आपल्याकडे २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याला बंदी आली, कपाशीवर मात्र ते चालूच राहिले. कागदावर कपाशी वेगळी आणि भाजी वेगळी. पण वऱ्हाडात पऱ्हाटीच्या ओळींत अंबाडी, चवळी असते, धुऱ्यावर काकडीचा वेल असतो. निंदताना बाई तरोटा, घोळ खुडून पदरात बांधते, तीच रात्रीची भाजी. ही भाजी कोणत्या नियमात बसते? २०१३ मध्ये बिहारात छपऱ्याजवळच्या शाळेत याच विषाने माध्यान्ह भोजनातून २३ मुले गेली. ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश निघाला २०२३ मध्ये. पाखरांनी दिलेला इशारा ऐकायला एवढी वर्षे लागावीत?

कीड पडते, पीक जाते, कर्ज चढते, हे आम्हाला ठाऊक आहे. शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. पण परवानगी देताना निंदणारी-वेचणारी बाई मोजली गेलीच पाहिजे. फवाऱ्यानंतर किती दिवस शेतात जायचे नाही हे मोठ्या मराठी अक्षरांत छापले पाहिजे, आणि त्या दिवसांची मजुरी बुडता कामा नये. कंपनीने दिलेली माहिती लोकांना पाहायला मिळाली पाहिजे. नोंदणी एकदा झाली की कायमची, असे न होता ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हावी. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. औषधाने कीड किती मेली याबरोबर विहिरीच्या पाण्यात आणि वेचणाऱ्या हातांवर काय उरले, हेही तिथे मोजले जावे.

तोवर आपण एक करू. शेतात शिरण्याआधी काय मारले, कधी मारले, हे विचारू आणि वहीत लिहून ठेवू. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घेऊ. डोके दुखले, मळमळले, अंगाला खाज सुटली, तर तीही नोंद करू. या वह्या घेऊनच कृषी अधिकाऱ्यांच्या दारात जाऊ. आणि आजपासून त्याला ‘औषध’ म्हणणे सोडू. विषाला विषच म्हणू.

– संपादक मंडळ