खेळ पडद्यावर यावा, पण…
पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा व्हिडिओ गेम जगापुढे आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावासाठी शस्त्र उचलणारी राजी आणि तिच्या पाठीशी दुर्गामाता, ही कथा चित्रपटास सर्वथा योग्य आहे. शिरूर तालुक्यातील वडगाव रासाईत ज्या घरी खेळाचे महागडे यंत्र नाही, तेथेही चित्रपट पोहोचेल. मात्र खेळात राजी पडली की खेळणाराच तिला पुन्हा उभी करतो. चित्रपटात तो केवळ प्रेक्षक उरतो. ही उणीव लढायांच्या देखाव्यांनी नव्हे, बहिणीच्या अंतःकरणाच्या दर्शनानेच भरून निघेल. पुण्याच्याच 'प्रभात'ने १९३६ मध्ये कीर्तनातून परिचित असलेले तुकोबा जिजाईच्या संसारासह पडद्यावर आणले. तोच मार्ग अनुसरावा.