शिट्टी ऐकू येत नाही म्हणून काय झाले?



कवायतीचा तास लागला की कर्णबधिर पोराला निंबाखाली दप्तरे राखायला बसवायचे, हे आपल्याकडे नवे नाही. "त्याला शिट्टी कुठं ऐकू येतीय?" हे ठरलेले उत्तर. अहो, पण त्याचे हातपाय तर धड आहेत ना?

याला कुणाची देणगी लागत नाही. शिट्टीबरोबर रुमाल हलवावा. खेळ आधी करून दाखवावा. मास्तरांनी सूर्याकडे पाठ करून उभे राहू नये, नाहीतर पोराच्या डोळ्यांवर ऊन येते आणि खूण दिसत नाही. कानाच्या आतल्या दोषामुळे काही मुलांचा तोल जातो. त्यांना मल्लखांबावर चढवताना शेजारी जोडीदार द्यावा.

कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धा 1924 साली पॅरिसला सुरू झाल्या. तिथे शर्यत सुटण्याची खूण आता दिव्याने करतात. हरियाणाचे कर्णबधिर पैलवान वीरेंदर सिंग यांनी 2005 साली मेलबर्नच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्यांना कुणी दप्तरे राखायला बसवले असते तर?

शाळेच्या कमिटीवर आपल्यातलेच सभासद असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढा विषय काढावा, ही विनंती.