पावसाआधी ओढ्यांच्या वाटा शोधा, मोकळ्या करा!

पुणेकर बंधू-भगिनींनो,

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या घरांत शिरला. शहरात आणि परिसरात वीसहून अधिक जीव गेले. पाऊस मोठा होताच. पण भराव, सीमाभिंती आणि राडारोड्याने पाण्याची जागाही आपणच आक्रसून ठेवली होती.

ओढा कुठे अडला आहे, हे कळायला पुन्हा पूर यायची गरज नाही. लँडसॅट उपग्रह 1972 पासून जमिनीची चित्रे टिपत आहेत आणि 2008 पासून ती मोफत मिळतात. सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर तपशिलाची चित्रे काही दिवसांच्या अंतराने येत राहतात. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाने टिपलेले जमिनीचे चढउतार आहेत, त्यांवरून पाण्याचा उतार संगणकावर काढता येतो.

म्हणून कळकळीची विनंती आहे. मे संपण्याआधी आपापल्या प्रभागात एवढे कराच:

1. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशातला ओढा आजच्या उपग्रहचित्राशी ताडून पाहा. तो जिथे तुटतो किंवा अरुंद होतो, तिथे खूण करा.

2. त्या जागी प्रत्यक्ष जा. अरुंद नाला अशा चित्रांत नीट दिसत नाही आणि पुलाखालचा गाळ तर दिसतच नाही. पाणी कुठवर चढले होते, हे जुन्या रहिवाशांना विचारा.

3. फोटो, तारीख आणि अक्षांश-रेखांश जोडून क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, नकाशे जुळवण्याचे काम तुम्ही हाती घ्या. सोसायट्यांनो, आपल्याच भिंतीपासून तपासणी सुरू करा.

महापालिकेने प्रत्येक ओढ्याचा नकाशा आणि पूररेषा सर्वांसाठी खुली करावी, बांधकाम परवानगी देताना ती तपासावी, ही मागणी आपण एकमुखाने लावून धरू. मात्र हे नकाशे फक्त काठावरच्या गरिबांची घरे उठवायला वापरले जाऊ नयेत. त्यांचे पुनर्वसन आधी व्हावे आणि ओढ्यात भराव टाकणाऱ्या बड्यांनाही तोच नियम लागावा.

जूनमध्ये तक्रार करून उपयोग नाही. येत्या रविवारी शेजाऱ्यांना सोबत घ्या आणि आपला ओढा उगमाच्या दिशेने चालत तपासा.