विश्लेषण : वंश, विशेषाधिकार आणि निवडणूक… अमेरिकेतील शिक्षक वर्गात गप्प का?

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या अनेक अमेरिकी विद्यार्थ्यांना त्याच वर्षी मतदानाचा हक्क मिळतो. मतदार होण्याआधी देशाचे राजकारण समजून घेण्याची त्यांची हक्काची जागा म्हणजे 'सोशल स्टडीज'चा तास. मात्र याच तासाला शिक्षक हात राखून बोलू लागले आहेत. 'रँड' या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ६५ टक्के शिक्षकांनी वर्गातील राजकीय आणि सामाजिक चर्चा आपणहून आवरती घेतल्याचे सांगितले. ही वेळ का आली आणि त्यात नुकसान कोणाचे?

वाद नेमका कशावरून?

टेनेसी राज्यातील एका हायस्कूलमध्ये समकालीन प्रश्न हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला २०२१ मध्ये नोकरी गमवावी लागली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१६ मधील विजयाचा संबंध वंशाशी जोडणारा, ता-नेहिसी कोट्स या लेखकाचा लेख त्याने विद्यार्थ्यांना वाचायला दिला होता. श्वेतवर्णीयांच्या विशेषाधिकारावरील एका कवितेची चित्रफीतही दाखवली होती. दुसरी बाजू मांडली नाही आणि अनुचित भाषेचे साहित्य वापरले, असा शिक्षण मंडळाचा आक्षेप होता. वंश, विशेषाधिकार आणि निवडणूक हे तिन्ही विषय एकाच प्रकरणात आल्याने त्याची देशभर चर्चा झाली.

त्याआधी मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला होता. त्यानंतरच्या आंदोलनांमुळे अनेक शाळांनी वंशभेदावरील पाठ वाढवले. त्यावर पालकांच्या एका गटात नाराजी उमटली आणि रिपब्लिकन पक्षाने तो निवडणुकीचा मुद्दा केला. व्हर्जिनियात २०२१ मध्ये ग्लेन यंगकिन यांनी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना आणि जिंकताना हा मुद्दा ठळकपणे वापरला.

कायदे काय सांगतात?

२०२१ नंतर डझनाहून अधिक राज्यांनी वर्गातील वंशविषयक अध्यापनावर मर्यादा घालणारे नियम केले. टेक्सासच्या कायद्यानुसार, वादग्रस्त चालू विषयावर बोलण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. तो बोललाच तर कोणत्याही एका बाजूला झुकते माप न देता वेगवेगळे दृष्टिकोन मांडावेत, असे २०२१ च्या मूळ कायद्यात होते. फ्लोरिडाचा २०२२ चा कायदा सांगतो, की आपल्या वंशातील लोकांनी पूर्वी केलेल्या कृत्यांबद्दल विद्यार्थ्याने अपराधी वाटून घेतलेच पाहिजे, असे शिकवता येणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कार्यकारी आदेश काढून अशा शिकवणीला शाळांतील 'कट्टर मतारोपण' ठरवले आणि त्यासाठी जाणारा केंद्रीय निधी रोखण्याची योजना मागवली. अमेरिकेत अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार राज्ये आणि स्थानिक शिक्षण मंडळांचा आहे. केंद्र सरकारने अभ्यासक्रम ठरवण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे निधी हेच वॉशिंग्टनच्या हातातले मोठे हत्यार आहे.

समर्थकांच्या म्हणण्यात तथ्य आहे का?

काही प्रमाणात आहे. 'प्रिव्हिलेज वॉक' नावाचा एक उपक्रम अमेरिकेत अनेक ठिकाणी वापरला गेला. मुलांना एका रांगेत उभे करायचे आणि 'घरात भरपूर पुस्तके होती', 'वंशामुळे कधी अडवले गेले नाही' अशा वाक्यांवर एक पाऊल पुढे किंवा मागे टाकायला सांगायचे. शेवटी कोण कुठे उभा आहे ते सगळा वर्ग पाहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला घरची गरिबी किंवा घरातले दुःख असे वर्गमित्रांसमोर उघडे करायला लावणे हे शिक्षण नव्हे. पश्चिम व्हर्जिनियातील बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या गावात वाढलेल्या श्वेतवर्णीय मुलाला नुसते 'तू विशेषाधिकारी आहेस' म्हटले, तर तो शिकणार नाही, चिडेल. शिक्षकाने आपले राजकीय मत विद्यार्थ्यांवर लादू नये, ही पालकांची अपेक्षाही रास्त आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कायद्यांच्या संदिग्धतेत आहे. फ्लोरिडाचा कायदा गुलामगिरी शिकवायला बंदी करत नाही. पण एखाद्या पाठाने विद्यार्थी अस्वस्थ झाला आणि पालकाने तक्रार केली, तर रेषा ओलांडली की नाही हे आधी कोणालाच सांगता येत नाही. टेक्सासमधील एका शाळा प्रशासनातील अधिकाऱ्याने २०२१ मध्ये शिक्षकांना सांगितले, की वर्गात ज्यूंच्या वंशसंहारावरील पुस्तक ठेवले असेल तर विरोधी दृष्टिकोनाचेही ठेवा. मंडळाला नंतर माफी मागावी लागली. 'दोन्ही बाजू मांडा' या नियमाचा अर्थ भीतीपोटी कुठवर ताणला जातो, याचे हे उदाहरण.

'रँड'च्या पाहणीतील आणखी एक आकडा बोलका आहे. ज्यांच्यावर राज्याचे किंवा स्थानिक मंडळाचे कोणतेच बंधन नव्हते, त्यांच्यापैकीही ५५ टक्के शिक्षकांनी चर्चा आवरती घेतली. म्हणजे कायदा एका राज्यात होतो आणि धास्ती शेजारच्या राज्यातही पसरते.

वंश वगळून निवडणूक शिकवता येईल?

प्रामाणिकपणे नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ सदस्यांच्या 'इलेक्टोरल कॉलेज'चेच घ्या. प्रत्येक राज्याचे यातील संख्याबळ त्याच्या काँग्रेसमधील जागांवर ठरते. १७८७ च्या राज्यघटनेत या जागांसाठी गुलामांची तीन पंचमांश गणना धरली गेली. त्यांना मत नव्हते, पण त्यांच्या संख्येमुळे दक्षिणेतील राज्यांचे वजन वाढत होते.

१८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. त्यानंतरही दक्षिणेत मतदान कर आणि साक्षरता चाचण्या आल्या. मिसिसिपीत नोंदणीसाठी गेलेल्या नागरिकाला राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ लिहावा लागे आणि तो बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारी ठरवत असे. परिणामी १९६५ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के मतदार यादीत होते. त्याच वर्षी मताधिकार कायदा झाला आणि दोन वर्षांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले.

विशेषाधिकार म्हणजे काय, हे समजवायला याहून चांगला पाठ नाही. इथे कोणा मुलाला पुढे-मागे उभे करावे लागत नाही. दोन अर्जदार, एकच खिडकी आणि दोन वेगळे निकाल असा कागदच समोर ठेवता येतो. न मागता मिळालेला फायदा ज्याला मिळतो त्याला तो दिसत नाही, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात. त्यात अपराधगंड देण्याचा प्रश्नच येत नाही.

तोडगा काय?

डायना हेस आणि पॉला मॅकअवॉय या संशोधकांनी हायस्कूलमधील राजकीय चर्चांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांनी मांडलेला एक भेद इथे उपयोगी आहे. काही प्रश्न निर्णीत असतात, काही खुले. साक्षरता चाचण्या अन्याय्य होत्या का, हा निर्णीत प्रश्न आहे. त्याला 'दुसरी बाजू' शोधत बसणे म्हणजे असत्याला जागा देणे. मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचे असावे का, 'इलेक्टोरल कॉलेज' रद्द करावे का, हे मात्र खुले प्रश्न आहेत. त्यांवर दोन्ही बाजू तितक्याच ताकदीने मांडल्या जायला हव्यात आणि शिक्षकाने निकाल देऊ नये.

सध्याच्या कायद्यांचा दोष हा, की ते या दोहोंमधली रेषा पुसतात. आणि अतिउत्साही उपक्रमांचा दोष हा, की ते खुल्या प्रश्नांनाही निर्णीत ठरवतात. शिक्षकाला पाठराखण हवी आहे ती या रेषेवर उभे राहण्यासाठी. नुकसानीचा अंदाज आकड्यांतून येतो. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या केवळ २२ टक्के विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्रात अपेक्षित प्रावीण्य दाखवले. इतिहासात हे प्रमाण १३ टक्केच होते. जो वर्ग आधीच कच्चा आहे, तिथे गप्प बसणे परवडणारे नाही.

मराठी कुटुंबांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. न्यू जर्सीतील एडिसन आणि टेक्सासमधील फ्रिस्को या दोन्ही ठिकाणी भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्ये आशियाई अमेरिकींचा इतिहास शिकवणे कायद्याने बंधनकारक केले. त्यामुळे दोन मराठी भावंडांची मुले दोन राज्यांत एकाच देशाच्या दोन वेगळ्या गोष्टी शिकू शकतात.

या मुलांच्या घराचा इतिहासही या धड्यातलाच आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड हे 'श्वेतवर्णीय' नसल्याचे सांगत भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग बंद केला. तो उघडायला १९४६ उजाडले आणि मोठ्या संख्येने स्थलांतर शक्य झाले ते १९६५ च्या कायद्यामुळे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने जे वातावरण तयार केले, त्यातूनच तो कायदा आला. उपनगरातल्या चांगल्या शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाला एकाच वेळी भेदभावही कळायला हवा आणि इतरांच्या लढ्यातून आपल्याला मिळालेला फायदाही.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला होता. तिथला वंश आणि इथली जात यांची तुलना दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने केली. म्हणूनच अमेरिकेतील हा वाद वाचताना एक प्रश्न इथल्या शाळांनाही विचारायला हवा. दहावीच्या वर्गातील मुले तीन वर्षांत मतदार होतील. जात आणि मत यांचा संबंध त्यांना शिक्षकाने कागद समोर ठेवून समजावायचा, की तो मोबाइलवर येणाऱ्या प्रचारावर सोडून द्यायचा?