१२७ दात्यांचं चाक

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये ॲप्रेंटिस म्हणून येणारी बहुतेक पोरं दहावीला गणितात बऱ्यापैकी मार्क काढून आलेली असतात. ३६ आणि ४८ चा लसावि विचारा, लगेच उभी रेघ मारून भागाकार सुरू. उत्तर १४४, अगदी बरोबर. त्याच पोराला जुन्या लेथपाशी नेऊन विचारा, चेंज गिअरच्या पेटीत हे १२७ दात्यांचं बोजड चाक कशाला? "असतं सर, सेटमध्येच येतं."

त्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू, इंची आणि गिऱ्हाइकाला आटे हवेत मिलिमीटरचे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. दशांशचिन्ह बाजूला ठेवलं की २५४, म्हणजे २ × १२७. पुढे ते फुटत नाही. २, ३, ५, ७, ११ लावून पाहा, संपलं. १३ चा वर्गच १६९ होतो. त्याहून मोठा अवयव असता तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच हाती लागला असता. म्हणून ३०, ४०, ५० दात्यांची चाकं कशीही जोडा, त्यांतून १२७ निघणार नाही. काही जण ६३ च्या चाकावर भागवतात: १२७/१०० ऐवजी ८०/६३. मीटरभर लांबीत सुमारे अष्टमांश मिलिमीटरचा फरक पडतो. नटबोल्टला खपून जातं, लांब स्क्रूला नाही.

मूळ संख्येची व्याख्या पोरांना तोंडपाठ असते. पण अवयव पाडले की काय कळतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझी तक्रार आहे ती एवढीच.

गिअरचंच घ्या. २० दात्यांचं पिनियन ४० च्या चाकावर फिरवलं, तर पिनियनचा प्रत्येक दाता जन्मभर त्याच दोन दात्यांवर आपटतो. एक दाता खराब निघाला की समोरचे ते दोन झिजलेच. पिनियन २१ चं करा. २१ म्हणजे ३ × ७, ४० म्हणजे २ × २ × २ × ५. दोन्ही संयुक्त, पण सामाईक अवयव एकही नाही. आता तोच दाता चाळीसही दात्यांना भेटून मगच पहिल्याकडे येतो आणि झीज वाटली जाते. लसावि ८४० म्हणजे हेच.

सीएनसी आल्यावर हे जुनं कशाला, असं आमच्या धंद्यातलेही म्हणतात. चेंज गिअर गेले हे खरं, पण गिअरबॉक्सचे दाते अजून एकमेकांवर घासतातच की.

पोर्शन संपवायचा असतो, हे शिक्षकांचं म्हणणं मान्य. मग गिरवायची पाच उदाहरणं वगळा आणि वर्गाला सायकल स्टँडवर न्या. पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजू द्या. पेडल वर, मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली, अशी खूण करा आणि विचारा: न थांबता पेडल फिरवलं, तर दोन्ही पुन्हा एकदम याच जागी कधी? दाते ४४ आणि १८ निघाले, तर पेडलचे ९ फेरे, चाकाचे २२.