विश्लेषण : संत्र्याच्या कलमातून बागेत रोग कसा शिरतो?
विदर्भातील संत्रा बागांच्या ऱ्हासाची चर्चा पाणी, डिंक्या आणि कोळशीभोवती फिरते. काही रोग मात्र लागवडीआधीच कलमात दडलेले असतात. ते ओळखणे का अवघड आहे?

रोग कलमातून कसा येतो?
नागपुरी संत्र्याची कलमे जंभेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा बांधून तयार होतात. डोळकाडी ज्या मातृवृक्षाची घेतली तोच रोगट असेल, तर त्याच्यापासून केलेली शेकडो कलमे रोग घेऊनच बागेत जातात.

हे रोग कोणते?
ग्रीनिंग, ट्रिस्टेझा आणि एक्सोकॉर्टिस हे प्रमुख. ग्रीनिंगचा जिवाणू अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशींत राहतो. फळे लहान, वेडीवाकडी होतात. बागेत त्याचा पुढचा प्रसार सायला कीड करते. ट्रिस्टेझाचा विषाणू मावा पसरवतो. एक्सोकॉर्टिसचा विरॉइड कलम चाकू आणि छाटणीच्या कात्रीतूनही जातो. त्यामुळे रंगपूर लाइमची साल सुटते; जंभेरीवर मात्र लक्षणे सहसा दिसत नाहीत.

पाहून रोग ओळखता येत नाही का?
खात्रीने नाही. ग्रीनिंगचा पिवळेपणा जस्ताच्या कमतरतेसारखा वाटतो आणि शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारत राहतो. कमतरतेत पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात, ग्रीनिंगमध्ये चट्टे विषम असतात. पण रोगट झाड दीर्घकाळ निरोगीही दिसू शकते.

मग चाचणी कोणती?
ट्रिस्टेझासाठी एलायझा चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. ती विषाणूचे प्रथिन ओळखते. विरॉइडला प्रथिनाचे आवरणच नसल्याने तिथे जनुकीय चाचणी लागते. ग्रीनिंगसाठी पीसीआर वापरतात. मात्र जिवाणू झाडात सर्वत्र सारखा नसतो. एका फांदीचा अहवाल निर्दोष आला म्हणून झाड निर्दोष ठरत नाही. जुनी पद्धत सूचक झाडांची : संशयित डोळा कागदी लिंबावर बांधला, की ट्रिस्टेझा असल्यास पानांच्या शिरा पारदर्शक होतात. त्याला वेळ लागतो.

निरोगी कलम कसे मिळते?
शेंड्याचा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा कोंब प्रयोगशाळेत रोपट्यावर बसवतात. या टोकापर्यंत रोगकारक सहसा पोहोचत नाहीत. तयार झाडाची पुन्हा चाचणी करून ते कीटकरोधक जाळीगृहात ठेवतात.

आताच हा प्रश्न महत्त्वाचा का?
फ्लोरिडात २००५ मध्ये ग्रीनिंग आढळला. त्यानंतर तेथील संत्रा उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घटले. त्यावर खात्रीशीर इलाज आजही नाही. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातील नऊ केंद्रांत लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूरचा समावेश आहे. पण शेतकऱ्याला तपासलेल्या मातृवृक्षाचे कलम मिळाले, तरच या खर्चाला अर्थ. कलम लावल्यावर बहर हाती यायला चार-पाच वर्षे जातात. तोवर चूक कळत नाही आणि कळल्यावर झाड उपटण्याखेरीज फारसे काही उरत नाही.